पाहुणीचा सत्कार

माझा आवाज मोठा आहे. ही बढाई नव्हे, तक्रार आहे. आणि तीही माझी नव्हे, शेजाऱ्यांची. नांदेडच्या आमच्या कॉलनीत मी जेवताना बायकोला "मीठ कमी पडलंय" म्हटलं, की समोरच्या काकू मिठाचा डबा घेऊन गेटाशी येतात. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला शेवटच्या रांगेत उभं करत, आणि तिथूनही माझाच आवाज पुढं येई. अशा पोराचं पुढं काय होणार? ज्याला माइकची गरज नव्हती, त्याच्याच हातात लोकांनी माइक दिला.

तेव्हापासून पंचवीसेक वर्षं मी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या लग्नांचं निवेदन करत आलो आहे. लोक मला माइकवाले म्हणतात, अनाउन्सर म्हणतात, "ते बोलणारे भाऊ" म्हणतात. नाव विश्वंभर, पण ते मंडपात कुणाला ठाऊक नसतं. सगळ्यांची नावं मी घेतो, माझं घ्यायला कुणी उरत नाही.

आमच्याकडच्या लग्नाची रीत बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा असतो. तो खरा मानून साडेबाराला हजर होतात ते फक्त पुण्याचे पाहुणे. अक्षता पडतात दोनला. मधल्या दीड तासात हजारभर माणसं घाम पुसत, पोटात कावळे घेऊन खुर्च्यांवर बसलेली असतात, आणि त्यांना उठू न देणं हे माझं काम. त्यासाठी माझ्याकडं दोन हत्यारं. एक, मीच जुळवलेले शेर. "दोन जिवांचं जुळलं नातं, पंगतीत वाढा वरण-भातं" हा त्यातला सर्वांत बरा. यावरून बाकीच्यांचा अंदाज करावा. दुसरं हत्यार, मान्यवरांची नावं. आल्या-आल्या प्रत्येकाचं नाव माइकवरून पुकारावं लागतं. व्याह्यांच्या व्याह्यांचं नाव राहिलं तर ते न जेवता निघून जातात, आणि माजी सरपंचांना "माजी" म्हटलं तर तेही जेवत नाहीत. त्यांना "लोकप्रिय" म्हणायचं. शिवाय लोक चिठ्ठ्या पाठवतात. "अमक्याचं नाव घ्या." "माझं परत घ्या." एकदा एक चिठ्ठी आली, "पांढऱ्या रंगाची गाडी कुणाची आहे ती काढा." मी तसं पुकारलं आणि निम्मा मंडप उठून बाहेर गेला.

माझ्या हातून चुकाही थोड्या झालेल्या नाहीत. आदल्या दिवशीची पत्रिका खिशात राहिली आणि मी नवऱ्या मुलाचं नाव दुसरंच घेतलं. मुलीकडची मंडळी नवऱ्या मुलाकडं अशी पाहू लागली की तो स्वतःच घाबरून खिशातलं आधार कार्ड काढू लागला. एका शोकसभेत सवयीनं मी म्हणून गेलो, "टाळ्यांच्या गजरात आपण त्यांना निरोप देऊ या." लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे विशेष. माइकवरून सांगितलेलं लोक करतात. माझ्या धंद्यातलं हे पहिलं आणि शेवटचं सत्य आहे, आणि ते नीट कळायला मला एक कुत्री भेटावी लागली.

लातूरचं लग्न होतं. मुलीचे वडील मन्मथअप्पा आडतीवरचे व्यापारी, कपाळाला भस्म, बोलणं हळू, स्वभाव मऊ. एका मोठ्या पाहुण्यांवाचून अक्षता अडल्या होत्या. "साहेबांची गाडी औशाला आली" असं मला तासभर सांगितलं जात होतं. एवढ्या वेळात माणूस औशाहून चालत आला असता. माझी नावं संपली, शेर संपले, "आपापल्या चपला सांभाळा" दोनदा सांगून झालं. लोक चुळबुळायला लागले. आणि नेमक्या त्या वेळी मंडपाच्या मधल्या लाल गालिच्यावरून, कुणी बोलावल्यासारखी, एक तांबूस कुत्री शांतपणे चालत स्टेजकडं आली. पाय चारही पांढरे, मोजे घातल्यासारखे.

कलावंताला संधी लागते. मी माइक ओठांशी घेतला.

"आत्ताच मंडपात ज्यांचं आगमन झालेलं आहे, ज्यांनी पत्रिकेची वाट न पाहता केवळ वासावर हे कार्यालय शोधून काढलं, त्या पाहुणीचं मी दोन्ही परिवारांच्या वतीनं हार्दिक स्वागत करतो!"

मंडप हसला. तासाभरानंतर पहिलं हसू. त्या हसण्याची चटक काय असते, हे माइक धरणाऱ्यालाच कळतं. मी पुढं म्हणालो, "वरपक्षाच्या तरुण मंडळींना विनंती, पाहुणीचा यथायोग्य सत्कार करून त्यांना गेटपर्यंत सोडावं."

तरुण मंडळी उठली. कुणी खुर्ची घेतली, कुणी मंडपाचा सुटा बांबू. कुत्री पळाली आणि मी सुरू झालो. क्रिकेटच्या सामन्यासारखं. "पाहुणी आता महिलांच्या बाजूला... पाहुणी पुन्हा डावीकडं... पाहुणींना आता जेवणाची घाई झालेली दिसते!" आमच्या सलीमभाईंनी, म्हणजे वीस वर्षं माझ्याबरोबर फिरणाऱ्या साउंडवाल्यांनी, मंडपाच्या चारी अंगांना आठ स्पीकर उभे केले होते. ती जिकडं पळे तिकडं माझा आवाज तिच्या आधी हजर असे. आचाऱ्यांच्या कनातीमागं ती कोंडली गेली. तिथून एक ओरडणं ऐकू आलं. लोक हसत होते. मी मनात म्हणत होतो, आज रंगलंय.

एवढ्यात साहेब आले आणि मी तिला विसरलो.

जेवायला बसलो तर समोर साठीच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, पदराला कुंकवासारखा काहीतरी डाग. तो रक्ताचा होता, हे नंतर कळलं.

"त्या कुत्रीची मागची तंगडी मोडली," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोडली."

"मी? बाई, मी तर माइकवर होतो."

"तेच सांगायले मी."

एवढं बोलून त्या गेल्या. मी जिलेबी खाल्ली. खरं लिहायचं कबूल केलंय म्हणून लिहितो, दोन खाल्ल्या.

त्या बाई म्हणजे कुसुमबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. लातूरबाहेर औसा रस्त्याला त्यांचा तुकडाभर प्लॉट, त्यावर पत्र्याची दोन शेड, आणि त्यात जखमी, टाकून दिलेली कुत्री. डॉक्टरकडून त्यांनी तंगडी बसवून घेतली. पण कुत्री कोपऱ्यातून बाहेर येईना. रस्त्यानं भाजीवाल्याचा भोंगा गेला तरी ती भिंतीला अंग दाबून थरथरायची, जागच्या जागी मुतायची. बाकीची कुत्री कुणी ना कुणी घेऊन गेलं. हिला पाहायला आलेल्यांना फक्त शेपटीचं टोक दिसायचं. त्यातच शेडला लागून एक नवं मंगल कार्यालय उभं राहिलं. पहिल्या लग्नापासून तिनं खाणं सोडलं.

बाईंनी लग्नात मिळालेल्या माझ्या कार्डावरच्या नंबरवर फोन केला: तंगडी तुम्ही मोडली, आता तिला तुम्हीच न्या. मी एका लग्नात होतो, फोन घरी होता, तो सुरेखानं उचलला. सुरेखा म्हणजे माझी बायको. मी घरी पोचलो तेव्हा निर्णय होऊन गेला होता.

"उद्या लातूरला जायचंय," ती म्हणाली. "कुत्री आणायला."

"अगं पण मला विचारलं..."

"तुम्हाला त्या दिवशी कुणी विचारलं होतं का, काय बोलू म्हणून? तरी बोललातच ना."

बाईंनी तिचं नाव 'पाहुणी' ठेवलं होतं. माझ्यासमोर हाक मारताना त्या प्रत्येक वेळी माझ्याकडं पाहत. मी आयुष्यात इतक्या लोकांची नावं पुकारली, पण एक नाव असं ऐकलं की मान खाली गेली. बाईंनी तिला चादरीत गुंडाळून सुरेखाच्या मांडीवर दिलं आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या, "महिनाभर बघा. खाल्लं नाही तर जगायची न्हाई ती. आणि गाडीत तोंड उघडू नका."

लातूर ते नांदेड मी तोंड उघडलं नाही. सुरेखाच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतरचा हा आमचा सर्वांत सुखाचा प्रवास.

पाहुणीनं परसातल्या पाण्याच्या टाकीखालची जागा धरली. आणि घरात कायदा लागू झाला: विश्वंभरानं बोलायचं नाही. अगदीच नड असेल तर कुजबुजायचं. कुजबुजणं मला येत नव्हतं. माझी कुजबुज दुसऱ्या खोलीत ऐकू जायची. मग मी चिठ्ठ्या लिहू लागलो. जन्मभर मंडपात ज्याला चिठ्ठ्या यायच्या, तो आता चहासाठी स्वयंपाकघरात चिठ्ठी पाठवू लागला. ती परत यायची, मागं सुरेखाच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, "नंतर." समोरच्या काकू तिसऱ्या दिवशी काळजीनं विचारायला आल्या, "भाऊ बरे हाईत ना? लई दिवस झाले, तुमच्या घरात काय स्वयंपाक झाला ते कळंना."

सराव कुठं करायचा, हा प्रश्न होता. मी सकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन पाण्याला तोंड करून उभा राहायचो आणि "सर्व मान्यवरांचं हार्दिक स्वागत" सुरू करायचो. आंघोळीला आलेले परगावचे लोक मागं-पुढं पाहायचे. एका आजोबांनी तर ओल्या अंगानं हात जोडून मला नमस्कार केला आणि म्हणाले, "एवढ्या लांबून आलो, पण असं स्वागत कुणीच केलं नाही बघा."

सगळ्यात झोंबायचं ते हे, की पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचे सूर यायचे, तेव्हा पाहुणी टाकीखालून तोंड बाहेर काढून कान टवकारून ऐकायची. म्हणजे तिचं आवाजाशी वाकडं नव्हतं. वाकडं माझ्याशी होतं.

चौथ्या दिवशीही ती खाईना, तेव्हा सुरेखानं मला परसात नेलं. "खाली बसा. तिच्याकडं पाठ करून. भाकर दुधात कुस्करून मागं ठेवा. आणि नुसतं बसा."

"किती वेळ?" मी खुणेनं विचारलं.

"ती सांगेल."

सुरेखा किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी होती. त्याबद्दल ती फार बोलत नाही. पण त्या दिवशी परसात उभं राहून बोलली. "नवी घरं मिळाली तरी आम्ही आत जायना झालो. भिंत दिसली की लांब सरकायचो. रस्त्यानं ट्रक गेला तरी मोकळ्यात पळायचो. सगळे म्हणायचे, 'चला आत, काही होत न्हाई.' आमचे बापू मात्र एकदाबी 'चला' म्हणले न्हाईत. दार सताड उघडं ठेवायचे, आणि स्वतः आत जाऊन दाराकडं पाठ करून जेवत बसायचे. रोज. एके दिवशी माझ्या मीच आत जाऊन त्यांच्या ताटात हात घातला."

मी पाठ करून बसलो. शाळेतल्या शिक्षेनंतर भिंतीकडं तोंड करून इतका वेळ मी कधी बसलो नव्हतो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मागं चाटल्याचा आवाज आला. मला तो टाळ्यांसारखा वाटला. बाराव्या दिवशी माझ्या कोपराशी काहीतरी ओलं, थंड टेकलं. नाक! आणि मंडळी, इथं माझ्यातला निवेदक जागा झाला. तोंडातून निघून गेलं, "ये ये ये!"

ती टाकीखाली गेली ती दोन दिवस आलीच नाही. सुरेखानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तिनं चिठ्ठीही लिहिली नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, टॉवेल तोंडावर दाबला आणि त्या टॉवेलात स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या दिवाळीच्या अंकात छापता येणार नाहीत.

मग वर्षभर मी घरात तोंड मिटून राहिलो. पाहुणीनं खाल्लं, अंगावर मांस धरलं, सुरेखाच्या मागं घरभर फिरू लागली. तंगडी किंचित बाहेर पडायची, ती आजही पडते. माझ्या पाठीशी तिचं चांगलं जमलं. मी पाठमोरा असलो की ती येऊन टेकून बसायची. वळलो की उठून जायची. लोकांना सांगताना मी ऐटीत सांगायचो, "मी तिच्यासाठी आवाज सोडला." ऐकणाऱ्यांचे डोळे ओले व्हायचे. मीही त्या वाक्याचा हळूहळू एक चांगला कार्यक्रम बसवला होता.

मग भोकरचं एक लग्न आलं.

सकाळी आठला सलीमभाईंचा टेम्पो मला घ्यायला दारात आला. मी रेशमी झब्बा, त्यावर जरीचं जॅकेट घालून तयार. सुरेखा मला डबा द्यायला गेटात आली, गेट उघडं राहिलं. सलीमभाईंना घरातला कायदा ठाऊक होता, त्यांनी टेम्पो बंद ठेवला होता. पण आदल्या दिवशी त्यांनी नवा ॲम्प्लिफायर बसवला होता आणि तो चालतो की नाही हे पाहायला बटण दाबलं. आत पेनड्राइव्ह होता. पेनड्राइव्हमध्ये माझ्या गाजलेल्या निवेदनांचं रेकॉर्डिंग होतं. सगळ्या गल्लीत, छपरापर्यंत, मीच गरजलो: "ज्यांचं आगमन झालेलं आहे..."

मला पाहुणी दिसली ती पाठमोरी. तीन पायांवर आणि चौथा ओढत, गल्लीच्या टोकाला.

आम्ही धावलो. ती रेल्वेच्या बाजूला गेली की चौकाकडं, कुणाला सांगता येईना. दहा मिनिटांत मी घामानं भिजलो. सलीमभाई टेम्पो घेऊन मागून आले, कान पकडून म्हणाले, "गल्ती मेरी है भाऊ. पण टेन्शन नको. माइक है ना अपने पास! तुम्ही नाव घ्या, गल्ली-गल्ली फिरू. तुमचा आवाज ऐकून कुठूनबी निघेल."

त्यांनी माइक पुढं केला. माझा हात गेला. सवयीनं अंगठा बटणावरसुद्धा गेला. दोन वॉर्डांत ऐकू जाईल असा गळा, समोर नवा ॲम्प्लिफायर, आणि हरवलेल्या जिवाचं नाव मला पुकारता येत नव्हतं. मी पुकारलं असतं तर ती जिथं असेल तिथून आणखी लांब पळाली असती, कदाचित रुळांवर. मी माइक परत दिला.

"मग भोकरचं काय? साडेबाराचा मुहूर्त..."

"मी येत नाही," मी म्हणालो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"मंडपात बोलणार कोण?"

मी टेम्पोकडं बोट दाखवलं. माझ्याऐवजी माझा पेनड्राइव्ह लग्नाला गेला.

एका भाजीवालीनं सुरेखाला सांगितलं, तांबडी, लंगडती कुत्री मोकळ्या प्लॉटवरच्या पाइपात शिरली. पाण्याच्या योजनेचे मोठे सिमेंटचे पाइप तिथं केव्हाचे पडून आहेत. आम्ही गेलो. पाइपाच्या अगदी मध्ये, अंधारात, दोन डोळे. हात पोचेना. पलीकडच्या तोंडाला रस्ता. तिकडून शिरलो असतो तर ती इकडून आणि इकडून शिरलो असतो तर ती तिकडून रस्त्यावर, वाहनांत. सुरेखा पलीकडच्या तोंडाशी थोडी लांब बसली. घरून चादर आणि दुधभाकर मागवली. भाकर मागं ठेवून मी अलीकडं बसलो. पाठ करून.

जरीच्या जॅकेटात, उन्हात, मातीत. माणूस ओळखीचा, त्यामुळे करमणुकीला लोक जमू लागले.

"भाऊ, इथं काय करून राहिले?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"कामून बोलून नाही राहिले?"

पुन्हा बोट.

"अरे, भाऊचा आवाज गेला रे!" एक जण हळहळून म्हणाला. दुसरा म्हणाला, "जाणारच ना. किती वापरला." तासाभरात माझ्या फोनवर दोन्ही जिल्ह्यांतून चौकशा यायला लागल्या. एकानं तर आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं, तोही निवेदन करतो म्हणे, पुढच्या तारखा त्याला द्याव्यात. मी फोन बंद केला.

ऊन चढत गेलं. दोन तास झाले, अडीच झाले. मागं काही हलेना. दुधभाकरीवर मुंग्या आल्या. सुरेखा एका वयस्क माणसाला आपल्या जागी बसवून पाइपाला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी टेकली, तीही पाठ करून.

"बापू असेच बसायचे ना?" मी कुजबुजलो.

"हाव. पण बापू जेवता जेवता गप नसायचे." ती म्हणाली. "आईशी बोलत राहायचे. भाव काय झाला, म्हैस किती दूध देते. आम्हाला बाहेर त्यांचा आवाज ऐकू यायचा. म्हणून कळायचं, आत सगळं नीट हाय."

मी तिच्याकडं पाहिलं.

"वर्षभर तुम्ही गप बसलाव," ती म्हणाली. "तिला तुमची पाठ माहीत झाली. आवाज तिला त्या मंडपातलाच माहीत हाय. दुसरा ऐकवलाच न्हाई तुम्ही. आता बोला. हळू."

"काय बोलू?"

"आता हेबी मीच सांगू?"

मंडळी, हजार माणसांसमोर दीड तास न थांबता बोलणारा मी, त्या पाइपासमोर माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं. शेर आठवेना. नावं आठवेनात. पळून गेली तर रस्ता होता, आणि या खेपेला नुसत्या तंगडीवर भागेल असं नव्हतं. शेवटी जे येत होतं तेच सुरू केलं, गळ्याच्या तळातून, मलाच जेमतेम ऐकू जाईल असं. "आजच्या या... या मंगल प्रसंगी... उपस्थित सर्व पाहुण्यांचं स्वागत." पाइपात नखं वाजली. मी थांबलो. सुरेखानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी परत लागलो. "लातूरच्या लग्नात माझ्याकडून एक चूक झाली. लोक हसत होते म्हणून मी बोलत राहिलो. तू ओरडलीस ते मला ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे. ऐकू आलं होतं." एवढं बोलून झालं आणि मग काय बोलावं सुचेना, म्हणून मी भोकरच्या लग्नाचा मेनू सांगू लागलो. पत्रिका खिशात होती, मान्यवरांची यादीही होती, ती वाचली. लोकप्रिय सरपंच. आदर्श शिक्षक. मुलाचे मामा, मुलीचे मामा. एक एक नाव, संथ, जसं कुणी घरात बसून वाचावं तसं.

मुलीच्या आत्यांपर्यंत आलो असेन. माझ्या जॅकेटाच्या मागच्या काठावर काहीतरी जड टेकलं. हनुवटी. मी वाचायचं थांबलो नाही. त्या यादीत पंचेचाळीस नावं होती, ती सगळी वाचली, आणि संपल्यावर पहिल्यापासून परत वाचली. सुरेखानं चादर टाकली तेव्हा पाहुणीनं अंग चोरलं नाही. ते जरीचं जॅकेट पुन्हा घालण्याजोगं राहिलं नाही, एवढंच नुकसान.

दुसऱ्या दिवशी भोकरहून नवऱ्या मुलाच्या काकांचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "भाऊ, काल लई छान बोलले तुम्ही. नेहमीपेक्षा कमी बोलले, म्हणून आणखी छान." सलीमभाई शेजारी बसले होते. त्यांनी पेनड्राइव्ह खिशातून काढून मला दाखवला आणि परत खिशात ठेवला. तेव्हापासून ते मला जरा कमी मान देतात.

मी अजून माइक धरतो. मंडपात आजही कुत्री येतात. स्वयंपाक असतो तिथं ती येणारच. अशा वेळी मी एवढंच सांगतो, "कुणीही जागेवरून उठू नये. पाय जवळ घ्या, वाट द्या." माइकवरून सांगितलेलं लोक करतात. पाय जवळ घेतात. कुत्रं इकडं-तिकडं पाहून आपलं आपण निघून जातं. त्यावर कुणी हसत नाही आणि कार्यक्रम किंचित पडतो. पडू द्यावा.

सराव मी आता घाटावर करत नाही. परसात, टाकीजवळ बाज टाकून, हलक्या आवाजात करतो. पाहुणी समोर बसते. हो, आता समोर. कुसुमबाई मध्यंतरी आल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यात उभं राहून पाहिलं, पण मला काही म्हणाल्या नाहीत. फक्त जाताना तिला हाक मारली, "पाहुणे, येते गं," आणि या वेळी माझ्याकडं पाहिलं नाही.

मी यादी सुरू करतो. मान्यवर, लोकप्रिय, आदर्श. तिसऱ्या-चौथ्या नावाला तिचे डोळे मिटू लागतात, व्याह्यांपर्यंत मान पायांवर येते, आणि मामांना मंडपात बोलवेपर्यंत ती घोरत असते. माझ्या निवेदनात आजवर पुष्कळ लोक झोपले. हिच्यासाठी मात्र मी पुढचं नाव आणखी हळू घेतो.